ऑफिसातला एजंट आणि बसलेला पंप

आमची संस्था छोटी आहे. आशागडच्या रस्त्याला सिमेंटच्या दुकानावर दोन खोल्या, वर गच्ची, आणि गच्चीवर हातपंपांचे जुने पाइप रचलेले. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवरचे हातपंप दुरुस्त करायचे, एवढंच आमचं काम. पाड्यावरून निरोप आला की मिस्त्री जातो, पंप उघडतो, वायसर बदलतो, गंजलेला पाइप बदलतो, पाणी काढून दाखवतो आणि पुढच्या पाड्याला लागतो. मिस्त्री तीन आहेत. मी एकटी ऑफिसात. माझ्या हुद्द्याचं नाव समन्वयक असं आहे, पण अकरा वर्षं मी मुख्यतः ऐकायचं काम केलं.

ऐकायचं म्हणजे व्हॉइस मेसेज. आमच्या तिघांतले सगळ्यात जुने मिस्त्री तलासरीच्या डोंगराकडची बाजू बघतात. मी त्यांना मिस्त्रीदादा म्हणते, ते मला बाई म्हणतात. त्यांना लिहायचा कंटाळा. सकाळी गाडीला किक मारायच्या आधी ते फोन तोंडाजवळ धरतात आणि पाच-सहा मिनिटं बोलतात. त्यात कालचा पंप असतो, आजचा पंप असतो, वाटेत भेटलेला मेहुणा असतो, गाडीचा क्लच असतो, आणि कुठल्या तरी पाड्यावरची लग्नाची तारीख असते. बोलणं निम्मं मराठी, निम्मं त्यांच्या घरातलं, आणि गुजरातची हद्द जवळ आली की त्यात ‘छे’ शिरतं. हे सगळं कानात वायर घालून ऐकायचं, त्यातून काम वेचायचं आणि कॉम्प्युटरवरच्या बोर्डात कार्ड करायचं. बोर्डाला तीन रकाने: करायचं, चालू, झालं. कार्ड डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायचं. माझ्या आईला मी एकदा हे समजावलं तेव्हा ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. ती म्हणाली, “म्हणजे ओले, अर्धवट आणि सुके.” याहून चांगलं मला कधी सांगता आलेलं नाही.

आमच्या मॅडम, म्हणजे संस्थेच्या प्रमुख, वाणगावहून येतात. गेल्या वर्षी त्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, “आपण बोर्डाला एआय एजंट जोडायचा. तो निरोप ऐकेल, कार्डं करेल, मिस्त्रींना आठवण करेल, काम झालं की पाड्यावर कळवेल.”

“आणि मी?” मी विचारलं.

“तुम्ही त्याला जोडायचं,” मॅडम म्हणाल्या.

आमच्याकडे एजंट या शब्दाला फार चांगली कीर्ती नाही. जागेचा एजंट असतो, विम्याचा असतो, लायसनवाला असतो. घरी सांगितलं तर आईनं पहिला प्रश्न हाच केला, कशाचा एजंट. मी म्हटलं, कामाचा. “कामाला एजंट लागतो?” ती म्हणाली आणि बोंबील उलटायला गेली.

जोडायला दोन दुपारी गेल्या. एका हिंदी बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ लावून मी एकेक पायरी करत होते. बोर्डाच्या सॉफ्टवेअरमधून एक चावी घ्यायची, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ, आणि ती एजंटला द्यायची. मी ती पाच वेळा दिली. पाचही वेळा त्यानं नाकारली. शेवटी लक्षात आलं की माळेच्या शेवटी एक मोकळी जागा कॉपी होऊन येतेय. ती पुसली आणि चावी लागली. मग परवानग्यांचं पान उघडलं. एजंटला कार्डं वाचू द्यायची का, नवी करू द्यायची का, एका रकान्यातून दुसऱ्यात हलवू द्यायची का, संदेश पाठवू द्यायचे का, आमच्या फोनवरच्या ग्रुपातल्या कुणाच्याही सांगण्यावरून कुणालाही काम देऊ द्यायचं का. मी सगळ्या चौकोनांत टिक केलं. गॅसच्या फॉर्मवर जिथे फुली असते तिथे आपण सही करत जातो, तसं.

त्यानंतर त्याला सूचना लिहायच्या होत्या. मराठीत लिहिलं तरी चालेल असं व्हिडिओवाला म्हणाला होता. नव्या कारकुनाला सांगावं तसं मी लिहिलं: तू आमच्या संस्थेचा मदतनीस आहेस. मिस्त्रींचे निरोप रोज सकाळी ऐक. त्यातलं एकही काम सोडू नकोस. मॅडमनी वाचलं आणि शेवटी एक शब्द घातला: नम्रपणे.

पहिल्या सकाळी मी बोर्ड उघडला तर मिस्त्रीदादांच्या नावावर नऊ कार्डं होती. दोन पंपांची. बाकी सात अशी: गाडीचा क्लच दाखवणे. मेहुण्याला फोन करणे. लग्नाला आहेर घेणे. आणि सगळ्यात वर, लाल पट्टी लावून, ‘हरवलेली बकरी शोधणे. जबाबदार: मिस्त्री. मुदत: आज. निकड: जास्त.’

मी ते पुसणार होते, पण तोवर उशीर झाला होता. दुपारी एजंटनं मिस्त्रीदादांना विचारलं होतं, “नमस्कार. बकरी सापडली का? काही अडचण असल्यास कळवावे.” आणि मिस्त्रीदादांनी, कोण विचारतंय हे न बघता, उत्तर दिलं होतं, “सापडली. चिकूच्या वाडीत होती.” कार्ड ‘झालं’च्या रकान्यात गेलं. आमच्या संस्थेत यंत्राच्या मदतीनं पूर्ण झालेलं पहिलं काम ते आहे. मॅडमनी ते पुसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीदादांचा फोन आला. मेसेज नाही, फोन.

“बाई, हा कोण माणूस ठेवलाय तुम्ही?”

“माणूस नाही, दादा. यंत्र आहे.”

“यंत्राला एवढी घाई कशाची? दर दोन तासांनी विचारतंय, अडचण आहे का. अडचण हीच आहे की ते विचारतंय.”

मी दोन तासांचे सहा तास केले. मग दुसरा घोळ लक्षात आला. एजंट विचारायचा, काम कधी होईल, आणि मिस्त्रीदादा म्हणायचे, बघतो. एजंट लगेच कार्डावर लिहायचा, ‘पाहणी सुरू’. आता आपल्या बोलण्यात ‘बघतो’ म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण ठाऊक असतं. त्याला शिकवावं लागलं. मी सूचनांत एक छोटा कोश जोडला. ‘होईल’ म्हणजे या आठवड्यात. ‘झालंच समज’ म्हणजे अजून घरातून निघालेले नाहीत. ‘बघतो’ म्हणजे त्याबाबत सध्या काही करायचं नाही, पाठपुरावा करू नये. ‘झालं’ म्हणजे झालं. लिहिताना मला फार मजा आली. अकरा वर्षांचं ज्ञान चार ओळींत उतरलं असं वाटलं.

आणि पुढचे तीन आठवडे खरंच सगळं सुरळीत गेलं. सकाळी आठला मी पोचायच्या आत कार्डं तयार. कुठल्या पंपाला किती पाइप लागणार तेही लिहिलेलं. काम झालं की त्या पाड्यावरच्या बाईला, जिचा नंबर कार्डावर असेल तिला, आपोआप संदेश. मला थोडा ताठा चढला. बाजारात आईच्या शेजारी बसणाऱ्या मासळीवाल्यांनासुद्धा मी एजंटबद्दल सांगायला लागले. त्या ऐकून घ्यायच्या आणि पापलेटवर पाणी मारायच्या.

एप्रिलमधल्या एका सोमवारी, अकराच्या सुमाराला, ऑफिसच्या जिन्यावर कुणीतरी सावकाश चढत असल्याचा आवाज आला. दारात साठीची एक बाई उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, हातात कापडी पिशवी, पिशवीत फोन. मी तिला कधी बघितलं नव्हतं, पण फोनवर ऐकलेल्या आवाजावरून ओळखलं. डोंगरातल्या वरच्या पाड्यावरच्या बचत गटाची ती प्रमुख. तिथला पंप महिनाभर कुरकुरत होता आणि बोर्डावर तिचाच नंबर होता. पाड्यावरून रस्त्यापर्यंत चालत, रस्त्यावरून जीपनं तलासरी, तिथून एसटीनं आशागड, अशी ती आली होती.

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. दोन ग्लास पिऊन तिसऱ्याकडे बघत तिनं विचारलं, “हे कुठलं पानी?”

“नळाचं आहे, मावशी.”

“बरं हाय.” मग तिनं पिशवीतून फोन काढून माझ्यासमोर ठेवला. “हे वाच, बाय. सून वाचून दाखवते, पन मला वाटतं तिला नीट वाचता येत नाय.”

मी वाचलं. ‘नमस्कार. आपल्या पाड्यावरील हातपंपाचे काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

“सुनेनं बरोबर वाचलंय,” मी म्हटलं.

“मग पंप खोटा हाय का?”

तिनं जे सांगितलं ते असं. शुक्रवारी मिस्त्री येऊन पंप बघून गेले होते. पंप आधी थोडं थोडं पाणी द्यायचा, शुक्रवारपासून तेही बंद. आणि शनिवारी संध्याकाळी हा संदेश आला. संदेशाची भाषा एवढी ठाम होती की बायकांना आपलीच शंका आली. मिस्त्री गेल्यावर काही आतल्या आत सुरू झालं असेल, असं म्हणून चौघीजणी हंडे घेऊन खाली उतरल्या. चौघींनी पाळीपाळीनं दांडा मारला. आत नुसता खडखडाट. रविवारी पुन्हा उतरल्या, कारण फोनात तसं लिहिलेलं होतं. मग झऱ्यावर गेल्या, तो अर्ध्या तासाच्या चालीवर.

मी बोर्ड उघडला. कार्ड ‘झालं’च्या रकान्यात होतं, हिरवं. मिस्त्रीदादांचा शनिवारचा निरोप शोधला आणि फोन मध्ये ठेवून मोठ्यानं लावला. क्लचबद्दल दीड मिनिट झाल्यावर त्यांचा आवाज आला: “त्या वरच्या पाड्यावरचा पंप बसला. आता बघतो.”

मावशीनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. आम्हा दोघींना ते वाक्य लगेच कळलं. पंप बसला, म्हणजे गेला, मेला, संपला. घसा बसतो, भिंत बसते, धंदा बसतो, तसा. एजंटला वाटलं, बसला म्हणजे बसवला गेला. खुर्चीत माणूस बसतो, चौकटीत दार बसतं, तसा. नवा पंप नीट बसला, काम फत्ते. आणि पुढचं ‘आता बघतो’ त्याला अडवू शकलं असतं, पण त्याचा अर्थ मीच त्याला लिहून दिला होता: सध्या काही करायचं नाही, पाठपुरावा करू नये.

“चूक माझी आहे, मावशी,” मी म्हटलं.

“तुझी कशी? लिवलंय कोनी?”

“ते यंत्रानं लिहिलंय.”

“मला त्याच्याशी बोलू दे.”

मी तिला बरंच समजावलं की त्याच्याशी बोलून काही होणार नाही, पण ती एवढ्या लांबून आली होती. शेवटी मी माइकचं बटण दाबून फोन तिच्यापुढे धरला. ती क्षणभर घसा साफ करत राहिली, मग नव्या जावयाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, “काय रे, तू कुनच्या पाड्याचा?”

उत्तर लेखी आलं. मी वाचून दाखवलं: “नमस्कार. मी संगणकीय सहाय्यक आहे. माझा कोणताही पाडा नाही.”

तिनं फोनकडे वाकून बघितलं. “मग याला पानी कोन भरून देतं?”

“याला पाणी लागत नाही, मावशी.”

“म्हनूनच,” ती म्हणाली आणि फोन मला परत दिला.

ती असतानाच मी परवानग्यांचं पान उघडलं आणि ‘झालं’मध्ये कार्ड हलवायची टिक काढली. सूचनांतला तो ‘बघतो’ पुसला. नवी ओळ लिहिली: शंका आली तर आधी विचार. आणि त्याखाली: पाड्यावरच्या बाईनं स्वतः पाणी आलं असं सांगितल्याशिवाय कुठलंही काम पूर्ण समजू नये. मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे पहिल्यांदाच लिवायचं होतंस. मी तिला एसटीत बसवून आले. तिकीट तिनं स्वतःच काढलं. मला हात लावू दिला नाही.

मिस्त्रीदादांना फोन केला तेव्हा मला वाटलं होतं ते हसतील. बकरीच्या वेळी हसले होते. पण या वेळी ते हसले नाहीत.

“बाई,” ते म्हणाले, “मी अजून एकदाही पाणी पिऊन बघितल्याशिवाय झालं म्हटलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे?”

मला माहीत नव्हतं.

“काल बाजारात त्या पाड्यावरचा एकजण भेटला. म्हणतो, मिस्त्री, तू पण आता कागदावर पंप चालवायला लागला.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर तीन दिवस त्यांचा व्हॉइस मेसेज आला नाही. कामावर होते, बाकीच्या मिस्त्रींकडून कळत होतं, पण ग्रुपवर शांतता. एजंट दर सहा तासांनी नम्रपणे विचारत होता आणि कुणी उत्तर देत नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्या क्लचचं काय झालं ते माहीत नव्हतं, आणि त्याची चुटपुट लागून राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी बोर्डावर एक नवं कार्ड होतं. ते माझ्या नावावर होतं.

‘वरच्या पाड्यावर प्रत्यक्ष येणे. जबाबदार: बाई. मुदत: पुढचा गुरुवार, सकाळी साडेआठ, तलासरी एसटी स्टँड. टीप: चप्पल नको, बूट घालावे. डबा आणावा. पांढरी साडी नेसू नये.’

मिस्त्रीदादांनी एजंटला सांगून मला काम दिलं होतं. ग्रुपातल्या कुणीही कुणालाही काम द्यावं, या चौकोनातही मी टिक केलंच होतं. मी मॅडमकडे गेले आणि म्हटलं की गुरुवारी अहवाल पाठवायचाय. मॅडमनी माझा बोर्ड बघितला. “मुदत गेली की कार्ड लाल होतं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या नावावर लाल कार्ड बरं दिसणार नाही.” त्या दिवसापासून एजंट मला दिवसातून दोनदा विचारायला लागला की काही अडचण आहे का. मिस्त्रीदादांना कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. बुधवारी मी त्याला लिहिलं, “होईल.” त्यानं उत्तर दिलं, “‘होईल’ म्हणजे या आठवड्यात. नोंद घेतली. धन्यवाद.”

खरं सांगायचं तर मी कधी डोंगरात गेलेच नव्हते. मी समुद्राकडची. मला होडी कळते, जाळं कळतं, भरती-ओहोटी पायाला कळते. पाड्यांची नावं मला अकरा वर्षं पाठ होती, कुठल्या पंपाला किती पाइप आहेत तेही पाठ होतं, पण ती सगळी माझ्यासाठी कार्डंच होती. गुरुवारी मुलाचे जुने बूट घालून मी तलासरीला उतरले. मिस्त्रीदादा मोटरसायकलवर बसून होते, मागे पान्यांची पिशवी बांधलेली. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं, मान डोलावली आणि पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवायला दिली. ती पिशवी माझ्याहून जड असावी.

डांबर संपेपर्यंत आम्ही गाडीवरून गेलो. मग गाडी लावली आणि आम्ही चालायला लागलो. मोहाच्या झाडांखाली फुलं वेचायला बसलेल्या बायका त्यांना हाक मारत होत्या आणि मी कोण ते विचारत होत्या. “ऑफिसातली बाई,” ते सांगत होते. एका ठिकाणी म्हणाले, “मेसेजवाली.” मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

पाडा वर आणि पंप खाली उतारावर, ओढ्याच्या कडेला. हे कार्डावर नव्हतं. रिकामा हंडा घेऊन उतरायचं आणि भरलेला घेऊन चढायचं. मावशी तिथे आधीच पोचली होती आणि तिच्याबरोबर आठ-दहा बायका होत्या. तिनं माझी ओळख करून दिली: “हीच ती. ते बिनपाड्याचं यंत्र हिच्याकडंच हाय.” बायका हसल्या. मी म्हटलं, माझ्यामुळे तुम्हाला दोनदा उगाच खाली उतरावं लागलं, माफ करा. एकजण म्हणाली, “उतरावं रोजच लागतं.” हे तिनं समजूत घालण्यासाठी म्हटलं, पण मला ते जास्त लागलं.

पंप उघडणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. वरचं डोकं काढायचं, चेन सोडवायची, मग जमिनीतून पाइप वर ओढायचे. एकेक पाइप जवळजवळ दोन माणसांच्या उंचीचा. एक वर आला की त्याला पकड लावून धरायचं, फिरवून सोडवायचं, बाजूला ठेवायचं आणि खालचा ओढायचा. असे नऊ. पकड निसटली तर खालचे सगळे बोअरमध्ये. मिस्त्रीदादा पकडीपाशी बसले आणि ओढायला बायका लागल्या. तिसऱ्या पाइपला मावशी बाजूला झाली आणि तिनं मला जागा करून दिली. मी हात लावला. ग्रीस कोपरापर्यंत आलं, आणि साडीबद्दलची टीप का दिली होती ते कळलं. सहाव्या पाइपला मी ओढण्यात मागे पडायला लागले. मिस्त्रीदादांनी वर न बघता विचारलं, “बाई, काही अडचण आहे का?” एजंटच्याच सुरात, अगदी नम्रपणे. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, पाइप न सोडता.

नववा वर आल्यावर त्यांनी सिलिंडर उघडलं आणि आतला वायसर माझ्या तळहातावर ठेवला. जाड चामड्याची वाटी असते ती. ही झिजून पापडासारखी झाली होती.

“हे बसलं होतं,” ते म्हणाले.

“दादा, चुकलं माझं.”

“तुमचं काय चुकलं? त्यानं लिहिलं.”

“त्याला तिथे बसवलं मीच ना.”

ते हसले. तीन दिवसांचं, किंवा आठवड्याचं म्हणा, साठलेलं ते हसणं होतं. “बसवलंत तेच चुकलं,” ते म्हणाले, आणि मग क्लच शेवटी बदलावा लागला, हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं. मी एवढं लक्ष देऊन ते कधीच ऐकलं नव्हतं.

नवा वायसर घातला, पाइप पुन्हा एकेक करून खाली सोडले, डोकं बसवलं. दांडा पहिल्यांदा मारला तो मावशीनं. आधी हवा, मग तांबडं गढूळ पाणी. ती मारत राहिली. मग दुसरीनं घेतला. पाणी हळूहळू निवळत गेलं. मिस्त्रीदादांनी ओंजळ धरली, प्यायले, दोन घोट तोंडात घोळवले, आणि मान हलवून मागे सरकले. मी फोन काढला.

“तुम्ही नाही,” ते म्हणाले. “नवा नियम तुम्हीच केलाय.”

पंपापाशी नेटवर्क नव्हतं. ते मिळतं वर, पाड्याच्या टोकाला एका सपाट खडकावर. मावशी पुढे आणि मी मागे, अशा आम्ही चढलो. तिच्या डोक्यावर भरलेला हंडा होता आणि माझ्या हातात फोन, तरी तीन ठिकाणी तिलाच माझ्यासाठी थांबावं लागलं. खडकावर तिनं हंडा उतरवला, फोन तोंडाशी धरला आणि सांगितलं, “पानी आलं. मी पेलं.”

एजंटनं विचारलं, “‘पेलं’ म्हणजे ‘प्यायले’ असे समजावे का? खात्री करावी.”

“करून टाक खात्री,” मावशी म्हणाली, आणि मी काळ्या झालेल्या बोटानं कार्ड ‘झालं’मध्ये सरकवलं. पडद्यावर ग्रीसचा पट्टा उमटला.

एजंट अजून आहे. कार्डं तोच करतो, पाइपांचा हिशेब तोच ठेवतो, आणि आठवण करतो, पण आता दिवसातून एकदाच. शब्दांचा कोश पुष्कळ वाढलाय. त्यातले निम्मे अर्थ मिस्त्रीदादांनी सांगितलेत, कारण माझे चार अर्थ त्यांना तपासून घ्यायचे होते आणि त्यांतले दोन चुकीचे निघाले. प्रत्येक काम शेवटी पाड्यावरच्या कुणा बाईच्या आवाजानं संपतं. ते आवाज मी स्वतः ऐकते, ते काम त्याला दिलेलं नाही. बहुतेकींना दोनच शब्द पुरतात. काहीजणी पाणी कसं लागतंय तेही सांगतात, गोड, मचूळ, लोखंडाच्या वासाचं. त्यासाठी बोर्डात रकाना नाही, म्हणून मी कार्डाच्या खाली लिहून ठेवते.

आणि महिन्यातला एक गुरुवार मी मिस्त्रींबरोबर जाते. दुसऱ्या खेपेला आम्ही तलासरीच्याच बाजूला, एका शाळेमागच्या पंपावर होतो. पाइप वर निघाल्यावर मिस्त्रीदादा म्हणाले, वायसर आज तुम्ही घाला. मी मन लावून घातला. सगळं जोडून पाइप खाली सोडले, शाळेच्या बाईंनी दांडा मारला, आणि पाण्याचा थेंब नाही. वायसर उलटा गेला होता. मिस्त्रीदादा रागावले नाहीत, हसलेही नाहीत. बाटलीतलं पाणी पिऊन त्यांनी बाटली मला दिली, आणि मग मोठा पाना उचलून माझ्या हातात ठेवला. आम्ही पहिला पाइप पुन्हा वर ओढायला लागलो.